किल्ल्या माझ्याकडे आणि चोरही मीच

रविवारची दुपार. बंगल्याच्या पडवीत मुंबईहून आलेली सात-आठ माणसं वेताच्या खुर्च्यांत पसरलेली. मी कैरीच्या पन्ह्याचा ट्रे घेऊन उभी. मॅडम फोनवर इंग्रजीत बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हवेतलं काहीतरी उचलून कमरेला खोचल्यासारखं केलं. सगळे हसले.

मीपण हसले.

नुसती हसले नाही, सगळ्यांत मोठ्यानं हसले. मला वाटलं, माझ्या पदर खोचण्याची नक्कल चाललीय. ट्रे हलला, पन्हं सांडलं. एक पाहुणी म्हणाली, "सो स्वीट." तेवढं इंग्रजी मला येत होतं. मी आणखी हसले. आज माझे निम्मे दात गेलेत, पण त्या दिवशीचे बत्तीसच्या बत्तीस मला अजून दिसतात.

फोन माझ्याबद्दलच होता. आणि मॅडमचा नंबर मीच दिला होता.

सोळा वर्षं मी त्या बंगल्यात कामाला होते. कडावच्या पुढं, भातखाचरांच्या मधे बंगला. मंडळी शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळी जायची. सोमवार ते शुक्रवार बंगला माझा. झाडलोट उरकून अकराला मोकळी. मग झोपाळ्यावर बसायचं, पाय हलवायचे, मॅडमचं अत्तर कानामागं लावायचं. चोरी म्हणाल तर ती एवढीच, थेंबभर. एकदा त्यांचा काळा चष्मा लावून मी शेजारच्या म्हशींना कुंपणावरून हात केला होता. म्हशींनी ओळख दिली नाही.

दिवाळीला साडी मिळायची. नवऱ्याला कावीळ झाली तेव्हा मॅडमनी स्वतःच्या गाडीनं कर्जतला दवाखान्यात नेलं. खोटं कशाला बोलू, नेलं. पाहुण्यांना सांगायच्या, "ही घरचीच आहे आमची." ते ऐकलं की मला त्या दिवशी एक भाकरी जास्त जायची. एवढी मी येडी.

मॅडमच्या मुलीचा साखरपुडा बंगल्यावर झाला. जेवणाचं काम खालापूरकडच्या ताहेराबाईला दिलं होतं. बाई खमकी. मोठमोठी पातेली एकटी उतरवायची. मी बाजूला तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"कारखान्याच्या कँटीनचं काम मिळालंय मला," ती म्हणाली. "भाकरीला बाई नाय. येतेस?"

"मी?"

"नाय, तुझ्या मागं म्हस उभी हाय, तिला इचारते."

हाताखाली सहा बायका. रविवारची सुट्टी. गळ्यात फोटोचं ओळखपत्र. सोळा वर्षांत मला रविवार म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ओळखपत्राचं तर विचारू नका. घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले आणि फोटोला कसं तोंड करायचं ते चार तऱ्हेनं करून पाहिलं.

नवरा म्हणाला, "पंख्याखाली बसून पगार मिळतोय. तिकडं भट्टीम्होरं कशाला जातेस गं?" तो काही चुकीचं बोलत नव्हता. आठ दिवस माझं अर्धं अंग झोपाळ्यावर आणि अर्धं खालापुरात. भाकरी करपायची. मीठ दोनदा पडायचं.

मग मी काय केलं असेल? मॅडमलाच विचारायला गेले. ज्या घरातून जायचं, त्याच घराला विचारलं, जाऊ का म्हणून.

"तुम्ही सांगाल तसं," मी म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "घाई करू नकोस. आपण विचार करू."

त्या 'आपण'वर मी खूश. वाटलं, माझ्यासाठी एवढ्या मोठ्या बाईनं डोकं चालवायचं म्हणजे केवढं. त्याच आठवड्यात ताहेराबाईचा निरोप आला, की कारखान्याचे साहेब नव्या माणसाची चौकशी करतात, कुणाचा तरी नंबर दे. मी म्हटलं, "आमच्या मॅडमचा घ्या. त्या माझ्याबद्दल चांगलंच सांगतील." दहाच्या दहा आकडे तोंडपाठ म्हटले, शाळेत पाढे म्हणावेत तसे.

साहेबांनी रविवारी फोन केला. मी पन्हं घेऊन उभी होते. पुढचं सांगितलंच.

बुधवारी ताहेराबाई शेअर रिक्षानं आली. फाटकातच थांबली. आत ये म्हटलं, आली नाही.

"एक इचारते. तोंडावर इचारते, राग धरू नको. तू चोर हायस काय गं?"

मला वाटलं, मस्करी करते. तिच्या तोंडावर मस्करी नव्हती.

"तुझ्या मॅडमनी सायबांना सांगितलं. बाई कामाला बरी, पन हात साफ नाय. तूप, साखर, चमचे, सगळं नजरंखाली ठेवा म्हनाल्या. लुगड्यात खोचून नेते."

माझा हात आपोआप कमरेवर गेला. मग मला मॅडमचा हात आठवला. उचलला आणि खोचला. पाहुणे हसले. मी हसले. चोर म्हटलं, ते लागलंच. पण माझं ते हसणं त्याच्या दसपट लागलं. माझ्या तोंडावर माझी अब्रू काढली आणि मी वर पन्हं वाढलं.

साहेब मराठीच होते, हेही तेव्हाच कळलं. ते इंग्रजी त्यांच्यासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं.

"मला पटलं नाय," ताहेराबाई म्हणाली. "पन तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"नाय," मी म्हटलं. "मी चोर नाय."

"बास." ती त्याच रिक्षानं परत गेली.

शनिवारी मॅडम आल्या. मी गाडीतून पिशव्या उतरवल्या, चहा दिला आणि समोर उभी राहिले.

"मॅडम, मी कधी काय चोरलं?"

"अगं, काय बोलतेस हे!"

"तुमी सायबांना फोनवर सांगितलंत."

त्यांनी कप बशीत ठेवला. मग हसल्या. "ते होय! ते काय खरं म्हणून सांगितलं का मी? तू चोर असतीस तर सोळा वर्षं किल्ल्या तुझ्याकडे दिल्या असत्या? मला माहीत नाही का तू कशी आहेस?"

"मग का सांगितलंत?"

"तू गेलीस तर इथलं कोण बघणार? घरची ना तू? घरच्या माणसाला असं जाऊ देतात का कोणी? आणि तिकडे तुझे हालच झाले असते. तुझ्या भल्याचंच केलं मी."

संशयानं चोर म्हटलं असतं, तर मी देवळात उभी राहून शपथ घेतली असती, रडले असते, कदाचित माफही केलं असतं. माणसाला संशय येतो. पण इथं संशय नव्हताच. मी खरी आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. माहीत असून त्यांनी मला बाहेरच्या जगात चोर केलं. का, तर चोराला दुसरं कुणी कामावर घेत नाही. घरात किल्ल्या माझ्याकडे, आणि मला मात्र बाहेरून कडी.

"फोन करा," मी म्हटलं. "आत्ता. त्याच सायबांना. मराठीत. सांगा, मी खोटं बोलले."

"वेडी का तू? मी काय तोंड दाखवू त्यांना?"

"आनि मी?"

त्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या घरी टीव्ही लावून देते." खरंच म्हणाल्या. मी सोळा वर्षं एवढीच मोठी दिसत होते त्यांना, टीव्हीएवढी.

कमरेचा जुडगा काढला. चौदा किल्ल्या. एकेक सांगून टेबलावर ठेवली. ही फाटकाची. ही कोठीची. ही वरच्या खोलीची. ही चांदीच्या कपाटाची, उघडून बघा, मी उभी आहे. मॅडम उठल्या नाहीत. मी निघाले. मागून "अगं ए" ऐकू आलं. सोळा वर्षं त्या हाकेला धावले होते. त्या दिवशी पाय वळलेच नाहीत. माझं मलाच नवल वाटलं.

सोमवारी ताहेराबाई मला कारखान्यात घेऊन गेली. साहेबांनी खुर्ची दिली. चांगला माणूस, आवाज चढवून बोलला नाही.

"तुमच्या मॅडम वेगळं सांगत होत्या."

"खोटं सांगत होत्या." मोठ्या माणसाला खोटं म्हणायची माझी ती पहिली वेळ. पण म्हटलं.

"ताहेराबाई तुमच्या बाजूनं बोलतात, म्हणून ठेवून घेतो. फक्त एक करा. सुटताना पिशवी गेटवर दाखवत जा. सहा महिने."

"बाकीच्या बायकांची बघता?"

"त्यांची गरज नाही."

ओळखपत्र टेबलावर होतं. फोटो चिकटवलेला. तोंड बरं आलं होतं, सांगायला पाहिजे. ताहेराबाईनं कोपर मारलं. "हो म्हन गं. सा म्हैनं असे जातील."

बंगला सुटला होता. नवऱ्याचं टेंपोचं काम एक दिवस असायचं, चार दिवस नसायचं. पिशवीत होतं तरी काय? डबा, कंगवा, पाण्याची बाटली. उघडली असती तर कुणाचं काय गेलं असतं?

माझं गेलं असतं. रोज संध्याकाळी, सहा बायकांच्या देखत, मॅडमचं खोटं मी माझ्या हातानं खरं केलं असतं.

"सगळ्यांच्या बघा," मी म्हटलं. "मी पयली उभी ऱ्हाते. एकटीची दाखवनार नाय."

"मग कठीण आहे," साहेब म्हणाले.

"कठीनच हाय," मी म्हटलं आणि उठले. ओळखपत्र तिथंच राहिलं.

ताहेराबाई चार महिने माझ्याशी बोलली नाही. तिचंही बरोबर होतं, तिनं माझ्यासाठी शब्द टाकला होता. मी तीन महिने घरी बसले. मग चौक गावात एका ढाब्यावर उभ्यानं भाकऱ्या थापल्या. मागं भट्टी, पुढं ट्रकचा धूर, डोक्यावर पंखा नाही. गुडघे तिथंच गेले. मालक शिव्या देत असे, पण मराठीत, तोंडावर, मला कळतील अशा. मीपण परत देत असे.

आता सून माझ्या गुडघ्यांना तेल लावते आणि लावता लावता बोलते. "आई, एवढ्याशा गोष्टीपायी दोन-दोन नोकऱ्या घालवल्या तुमी?"

"हां गं. एवढ्याशाच गोष्टीपायी. तिसरी असती तर तीपन घालवली असती."