बाईंना सांगायचं राहून गेलं

महाडच्या एसटी स्टँडवर ट्रेनिंगच्या वेळची मैत्रीण शालिनी भेटली आणि म्हणाली, "सुलोचनाबाई गेल्या गं. महिना होत आला." समोर पोलादपूरची गाडी उभी होती. त्या गाडीने तासाभरात मी बाईंच्या दारात पोचले असते... गेल्या सहा वर्षांत कुठल्याही रविवारी पोचले असते. गेले नाही, त्याला कारण आहे.

बाई आम्हाला महाडला ट्रेनिंग कॉलेजात शिकवायच्या. त्याआधी मुंबईत बहिऱ्या मुलांच्या शाळेत काही वर्षं होत्या. अशा मुलांना कसं शिकवावं हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं; शनिवारी वर्ग सुटल्यावर बाई ते स्वतःहून शिकवायच्या. एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना कानांत कापसाचे बोळे घालायला लावले, फळ्याकडे तोंड केलं आणि अगदी हलक्या आवाजात अख्खा धडा शिकवला. मग वळून एकेकीला प्रश्न. कुणालाच उत्तर येईना. मला तर रडूच फुटलं. "तुम्ही मठ्ठ नाही," बाई म्हणाल्या, "मी वाईट शिकवलं. एवढं विसरू नका."

मी विसरले. वरंधजवळच्या एका खेड्यात पहिली नेमणूक झाली. शिक्षिका मी एकटी, इयत्ता चार. वरच्या वाडीतला एक शेतकरी आपल्या आठ वर्षांच्या तानीला घेऊन आला. "हिला ऐकू येत नाय, बाई. पन हुशार हाय. बसवा कुठंतरी." साहेब तपासणीला यायचे होते. त्यांनी हिला काही विचारलं तर काय, म्हणून मी घाबरले. म्हटलं, "हिला मुंबईच्या शाळेत घाला."

"माझा भाऊ मुंबईत नऊ जनांत एका खोलीत ऱ्हातो. तिथं हिला कुठं ठेवू?"

मी हजेरीपट उघडून त्यात डोकं घातलं. तो पोरीचा हात धरून निघून गेला. जाताना ती वळून वळून फळ्याकडे बघत होती.

दिवाळीनंतर बाई जुन्या विद्यार्थिनींच्या शाळा बघत माझ्याकडे आल्या. चहा पिताना विचारलं, "कुसुम, गावात ऐकू न येणारं मूल आहे का गं?"

"नाही, बाई."

"कळलं तर लिही. मी आठ दिवस येऊन राहीन."

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. तानीची आई भात झोडत होती. "ती मामाकडं गेली, घाटापल्याड. गुरं राखते," ती म्हणाली. "तुमीच नाय म्हनलात न्हवं?" तानी मला पुन्हा दिसली नाही. बाईंना दोनदा पत्र लिहिलं, दोन्हीदा फाडलं.

परवा पोलादपूरला गेले. बाईंच्या भाचीने त्यांची खोली दाखवली. कॉटसमोर, खिडकीकडे तोंड करून एक खुर्ची होती. "शेवटची दोन वर्षं मावशीलाच ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. "आलेल्या माणसाला ती इथं बसवायची. तोंडावर उजेड पडला की तिला ओठ वाचता यायचे."

मी बसले, आणि भाचीला सगळं सांगितलं.

"मावशी रागावली असती खूप," ती म्हणाली. "मग तुम्हाला घेऊन तानीला आणायला घाट चढली असती."

मला त्या खुर्चीतून उठवेना.