गोठ्यातली करवत

पेडण्याच्या शंभूला एखादी वस्तू अडली की आधी राग यायचा आणि राग ओसरला की कुतूहल. गोवा राज्य झालं त्यानंतर काही वर्षांनी त्याने चेनसॉ आणला आणि वडिलांची फळ्या पाडायची करवत गोठ्यात टांगली गेली. मशीन ओंडका आडवा झटक्यात तोडायचं. पण फणसाचं खोड उभं चिरायला घेतलं की रडायचं आणि फळी खडबडीत निघायची. शंभूने वर्षानुवर्षं चेनीच्या दातांना पुन्हा पुन्हा तिरकी कानस मारली. काही फरक नाही.

"शिरां पडो या मशीनवर!" म्हणत तो गोठ्यात गेला. तिथे करवतीकडे लक्ष गेलं. ही तर उभंच चिरायची! त्याने जवळ जाऊन दातांवरून बोट फिरवून पाहिलं. कानस तिरकी नव्हे, सरळ आडवी मारलेली. एकेक दात पटाशीसारखा.

त्याने चेनीलाही जवळजवळ तशीच धार लावली. फळी गुळगुळीत उतरली.

पण करवतीच्या दातांवरून फिरवलेल्या बोटातून अजून रक्त येत होतं. इतकी वर्षं टांगलेल्या करवतीला धार कशी?

त्याने बायकोला विचारलं. विमला म्हणाली, "मामंजी लावतात. म्हणतात, शंभूला सांगून कळायचं नाही; कधीतरी बघेल तरी."