नवऱ्याचं नाव घेणारी बाई

त्या दुपारी चौकीत आलेली बाई अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सातवी शिकलेली, सातपूरला हवालदार होते. बाई म्हणाली, शेजारीण ऑपरेशनला ॲडमिट आहे असं तिचा नवरा सांगतो. ही डबा घेऊन खाजगी दवाखान्यात गेली, तर शेजारणीच्या नावाच्या खाटेवर भलतीच बाई.

"त्यानं तिला मारून टाकलं असेल, मॅडम."

साहेबांनी नवऱ्याला आणायला कारखान्यात माणूस पाठवला आणि मला दवाखान्यात. खाटेवरची बाई पांढरीफटक पडली होती. शेजारणीचं वय, पत्ता, पोरांची नावं, सगळं तिला पाठ. मग मी नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं आडनावासकट लगेच सांगितलं.

आमच्याकडच्या तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. चौकीतसुद्धा नाव सांगायला पोराला पुढं करतात, नाहीतर पदर तोंडाला लावून गप्प बसतात. ही त्याची बायको नव्हती. मग बायको कुठं होती?

मी दार लावून घेतलं. "तो तुझा कोण?"

"भाऊ."

"आणि त्याची बायको?"

"माहेरी, निफाडला. जित्ती हाय, बाई. पोरांची शपथ."

तिच्या गर्भाशयात गाठ होती, रक्त थांबत नव्हतं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन पुढं पुढं ढकलत होते. भावाला कारखान्यातून विमा होता, पण बायको-पोरांपुरता. म्हणून बहिणीला बायकोच्या नावानं भरती केलं, आणि कुणी पाहू नये म्हणून बायकोला माहेरी दडवलं.

शपथेवर मी विश्वास ठेवत नाही. जीपनं निफाड गाठलं. वहिनी मागच्या खोलीत सापडली. खाकी साडी बघून ती मटकन खाली बसली.

"गेली का ननंद?" तिनं विचारलं. "मंग आता कागदावर मीच मेले ना?"

भावाबहिणीवर गुन्हा दाखल झाला. डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. नणंदेचं रक्त जातच होतं, म्हणून मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या कारकुनाला तिनं स्वतःचं नाव सांगितलं. मग त्यानं नवऱ्याचं विचारलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. गुन्ह्याच्या कागदात लिहिलेलं ते नाव मी सांगितलं.

खोटं पकडणं सोपं असतं, हे मी त्या दिवशी शिकले. खरं बोलून ती पुन्हा रांगेत शेवटी गेली. कोर्टात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हाही तिचं ऑपरेशन व्हायचं होतं. भिंतीला धरून ती आत आली. पुढच्या तारखेला तिचं नाव पुकारलं की ओ येईल का, हीच धास्ती मला तिथं बसल्या बसल्या वाटत होती.