टेकडीवरची हजेरी

निंबाळ्याच्या मराठी शाळेत मोठा स्क्रीन आला तो सुनयनाबाईंच्या हट्टामुळे. त्यासाठी त्यांनी आदिलाबादला इतके खेटे घातले, की त्यांना पाहताच शिपाई आपणहून खुर्ची पुढे करायचा. पडद्यावर धडधडणारं काळीज पहिल्यांदा दिसलं, तेव्हा चौथीतल्या मयूरीनं हळूच स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग सगळ्या वर्गानं ठेवला. बाईंचे डोळे भरून आले. तेव्हा यंत्रांशी बाईंचं वैर होतं, असं कोणी म्हणू नये.

वैर झालं ते हजेरीवरून. स्क्रीनच्या मागोमाग मोबाइलवर ॲप आलं. मुलाचा चेहरा दाखवायचा, की हजेरी थेट वर. पण गाव पडलं पैनगंगेच्या काठावर, अगदी राज्याच्या सीमेवर. शाळेत रेंज मिळते ती नदीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या टॉवरची. ॲप म्हणे, तुम्ही राज्याबाहेर आहात. आपल्या राज्याची रेंज फक्त गावामागच्या टेकडीवर. मग काय, रोज प्रार्थना झाली की पोरांची वरात टेकडीवर! चेहरे दाखवून खाली येईस्तोवर गणिताचा तास गेलेला असायचा. बाईंनी पावसाळाभर हे निमूट सोसलं.

दिवाळीनंतर एकदा पहिलीतली अर्पिता उतारावर घसरली. दोन्ही गुडघे फुटले. रडत रडत म्हणाली, "बाई, मी शाळेत होती ना! मले तिथंच पाहा म्हणा त्याले!"

बाईंचं डोकं सणकलं. "उद्यापासून कोणी वर जाणार नाई," त्या म्हणाल्या. "आपण शाळेत हावोत, शाळेतच राहू."

पोरं खूश. ॲप मात्र रोज शून्य दाखवू लागलं, आणि शून्य मुलांची शाळा कोण चालू ठेवतं? आठवड्यातच वरून निरोप आला, की शाळा बंद करून मुलं दुसऱ्या गावच्या तेलुगू शाळेत पाठवू. सोबतचे संतोष सर काकुळतीला आले. "मॅडम, काऊन वाकड्यात शिरता? चढून येऊ ना रोज." पण बाई ऐकतात कुठल्या!

शेवटी शिक्षण खात्याचे भगवंतराव साहेब जीप घेऊन चौकशीला आले. वर्ग गच्च भरलेला. बाईंनी नमस्कार केला आणि भागाकार पुढे चालू ठेवला. साहेबांनी आधी स्वतःची हजेरी लावायला फोन काढला, कारण अधिकाऱ्यांच्या मागेही तेच ॲप लागलेलं. त्यांनी चष्मा काढला, केस सारखे केले, फोन तोंडासमोर धरला. ॲप म्हणालं, तुम्ही राज्याबाहेर आहात.

"हे काय? मी तर इथं उभा आहे!"

"आमीबी इथंच असतो, साहेब," बाई म्हणाल्या.

वर्गात खसखस पिकली. साहेबांचा चेहरा पडला. "रेंज कुठं येते?"

"टेकडीवर."

"मग चला. मुलांनाही घ्या, दोन्ही कामं होतील."

"तुमी जा, साहेब." बाईंनी खडू खाली ठेवला. "लेकरं तुमच्या डोळ्यांसमोर बसून हायेत. मशीनीले दिसत नसतील तर मशीन बदला. लेकरं काऊन हाकलता?"

साहेब तणतणत एकटेच निघाले. खिडकीतून पोरांना सगळं दिसत होतं. साहेब झुडपांत अडकतात काय, हात उंच करून फोन फिरवतात काय! हसायची परवानगी कोणालाच नव्हती, बाईंनाही. साहेब खाली आले तेव्हा सदरा घामानं चिंब आणि पॅन्टला कुसळंच कुसळं. पाणी प्यायले, बराच वेळ कुसळं उपटत बसले. मग ड्रायव्हरकडून कागद मागवून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, की शाळा भरलेली आढळली. सही करण्याआधी उठून बोटानं मुलं मोजायला लागले.

"बोटानं नका मोजू, साहेब," बाई म्हणाल्या. "नावं घ्या."

साहेबांनी बाईंकडे रोखून पाहिलं. बाईंनीही नजर खाली घातली नाही. मग साहेबच पहिल्या रांगेकडे वळले. "तुझं नाव काय, बाळा?"

"अर्पिता!" गुडघ्यावरची खपली खाजवत ती ओरडली. "हजर!"