स्वातीनं दोनदा सांगितलं

सैन्यात चोवीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता कोल्हापुरात एका खासगी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत आहे. काम एकच. नव्यानं पास होऊन आलेल्या नर्सेसच्या पाठीशी पहिले तीन महिने उभं राहायचं. खुर्ची दिलीय, पण पोरी ड्युटीवर असताना मला बसवत नाही. या बेडवरून त्या बेडवर फिरत राहतो.

यंदा तिघी आल्या. त्यातली स्वाती चंदगडची. काम चोख, आवाज मात्र पुटपुटल्यासारखा.

तिचा नववा दिवस. सकाळी ११.४० ला कागल एमआयडीसीतून फोन आला. एका कारखान्यात लोखंडी रॅक कोसळला होता, जखमी दोन. १२.१० ला ॲम्ब्युलन्स आली. एकाची मांडी फाटली होती, रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर आणि मी त्याच्यावर. दुसरा, पन्नाशीचा कामगार, चालत आत आला. त्याला स्वातीकडं दिला.

"मला काय न्हाय झालं बाई, त्याला बघा की," तो म्हणाला.

दोन मिनिटांनी स्वाती माझ्यामागं आली. "सर, ह्यांची नाडी एकशे तीस हाय."

"घाबरलाय. थांब जरा."

बोलून गेलो. हेच शब्द मी ऐकले होते, माझ्या पहिल्या पोस्टिंगवर, डोंगरातल्या एका चौकीत. शिपाई मगदूम उतारावरून घसरला. उठला, हसला, "ठीक हाय" म्हणाला. त्याची नाडी पळत होती. मी माझ्या वरच्या हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, "घाबरलाय. थांब जरा." मी थांबलो. दोन तासांनी तो कोसळला. रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं. उत्तर आलं, "हवामान खराब. वेट. ओव्हर."

मी वळणार, तोवर स्वातीचा आवाज अख्ख्या कॅज्युअल्टीनं ऐकला.

"सर! बीपी ऐंशी हाय! पोट दगडासारखं लागतंय. आत्ता बघा!"

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि सोनोग्राफी मागवली. आत प्लीहा फाटली होती, पोटात रक्त साचत होतं. १२.५० ला तो ऑपरेशन थिएटरमध्ये होता. दोघंही वाचले.

ड्युटी संपल्यावर स्वाती जिन्यात बसलेली दिसली.

"सर, तुमच्यावर ओरडले मी."

"चूक माझी. तू बरोबर केलंस."

मग मी तिला मगदूमबद्दल सांगितलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"किती वर्षांचे होते?"

"बावीस. गाव हातकणंगल्याजवळ."

त्याची ट्रंक मीच घरी पोचवली होती. भरताना सगळ्यात वर त्यानं धाकट्या बहिणीसाठी घेतलेली शाल ठेवली होती, घडी न मोडलेली. आईनं ट्रंक उघडलीच नाही. एवढंच विचारलं, "लई दुखलं का रं त्याला?"

मी "न्हाय" म्हणालो. दुखत होतं. कोसळल्यावर हेलिकॉप्टरची वाट बघत, शेवटपर्यंत तो माझा हात धरून होता.