कोरियाच्या बाईसाठी गाऱ्हाणं

मी कोरियाची मालिका बघायचो. पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला हसायचं त्याने आत्ताच हसून घ्यावं. गावाने तेव्हा पोटभर हसून घेतलंय. शाळा मी चौथीत सोडली आणि रापणीच्या जाळ्याची दोरी ओढायला गेलो, तो गुडघे जाईपर्यंत दर्यावरच होतो. गुडघे गेल्यावर घरी बसलो. घरी बसलेल्या म्हाताऱ्याने भजनाला जावं, नातवंडं खेळवावीत, नाहीतर पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "खंय चललास?" विचारावं, अशी लोकांची अपेक्षा. भजनात मला गोडी नाही, नातवंडं नव्हती, आणि कोण खंय चाललो त्याच्याशी मला काय करायचंय? मी टीव्ही बघितला. कोणाच्या बापाचं काय गेलं?

दर रविवारी संध्याकाळी ती लागायची. माणसं कोरियाची, बोलायची हिंदीत. माणसाने तोंड मिटलं तरी आवाज चालूच राहायचा. गावात सगळे "चिनी मालिका" म्हणत आणि मला "चिनो म्हातारो". मी चारचौघांत सांगायचो, चीन वेगळा, कोरिया वेगळा. पण गाढवांना कोण शिकवणार.

मला त्यातला समुद्र आवडला. लाट बघून भरती चाललीय की ओहोटी ते मला घरात बसून कळायचं. त्या बायका म्हाकुलांची मासळी दोरीवर वाळत घालायच्या, आपण धोतरं टाकतो तशी. ते बघून माझ्या मुलीने दुसऱ्या दिवशी खळ्यात, म्हणजे अंगणात, दोरी बांधून चार म्हाकुलं टांगली. कावळ्यांनी जेवणाआधीच नेली. त्या दिवशी ती हसली. ते हसणं मी पुष्कळ दिवसांनी ऐकलं, म्हणून लक्षात राहिलं.

गोष्ट अशी होती. एका बाईचा नवरा होडी घेऊन जातो आणि परत येत नाही. ती सासूकडे राहून मासळी सुकवते, सकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहते. त्याच गावात होड्या बांधणारा एक सुतार असतो. त्याचं तिच्यावर मन आहे हे लहान पोराला कळेल, पण तो बोलेल तर शपथ. कधी तिच्या दारात लाकडं ठेवून जाईल, कधी तुटलेली पायरी बसवून जाईल. संध्याकाळी दाराशी येऊन हात उचलेल, दार ठोकणार इतक्यात हात खाली. मग बाजा वाजायचा आणि तो भाग संपायचा. पुढच्या रविवारी परत तोच हात, तेच दार. मला इतका राग यायचा की मी टीव्हीसमोर उभा राहायचो. "ठोक रे मेल्या दार! हात मोडलो काय तुजो?"

ह्या मालिकेत माझा जीव का अडकला, ते आता सांगतो.

माझ्या मुलीचा घोवही असाच गेला. पावसाळा सरताना बाहेर पडला, वादळ आलं, आणि होडी विजयदुर्गाच्या बाजूला उपडी सापडली. आणायला मीच गेलो होतो. तो सापडला नाही. सासरच्यांनी रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून जाळला, दिवस घातले. माझी मुलगी खळ्यात उतरलीच नाही. "माणूस गावलो नाय तर रडू कोणासाठी?" असं विचारलं तिने, आणि बांगड्या काढल्या नाहीत. तिथे तिला रोज बोल लागायला लागले, तेव्हा मी जाऊन तिला घरी घेऊन आलो. तिची आई आधीच गेलेली. घरात मी आणि ती. मासळी विकायला बाजारात जायची, चार बायकांत बोलायची, पण दिवस बुडताना खळ्याच्या कडेला उभी राहून दर्याकडे बघायची. तशी किती तरी वर्षं गेली.

मला ते बघवत नव्हतं. मी काही जन्माला पुरणार नव्हतो. माझ्यामागे ही एकटी त्या कडेला उभी राहणार, ह्या विचाराने जेवण जायचं नाही. तिने दुसरा संसार करावा असं मला वाटायचं, आणि ते मी उघड बोलायचो. आमच्यात विधवेचं लग्न होत नाही असं नाही, पण कोण करायला धजत नाही. मी धजलो असतो. तीच तयार नव्हती. एकदा मी देवाला गाऱ्हाणं घालतो म्हटलं, तर म्हणाली, "बाबानू, माज्या नावान देवाकडे काय मागलास तर ह्या घरात अन्न खावचंय नाय." आणि ती माझीच मुलगी. बोलली म्हणजे बोलली.

त्या दिवसांत वीज जायची. नेमकी मालिकेच्या वेळेला. तक्रार करायला मी दोनदा ऑफिसात गेलो. तिथला साहेब म्हणाला, "आजोबा, भारनियमन आहे, सगळ्या जिल्ह्याला आहे." मी म्हटलं, "मग मालिका तरी पुढे ढकला." तो हसत बसला.

तारकर्लीला होडीची इंजिनं दुरुस्त करणारा एक गडी होता. माझ्या होडीचं इंजिन त्यानेच बरीच वर्षं चालवून दिलं. बायको बाळंतपणात गेलेली, एकटाच राहायचा, हात काळे आणि तोंड बंद. त्याला मी रस्त्यात माझं दुःख सांगितलं. पुढच्या रविवारी तो सायकलच्या कॅरियरला बॅटरी बांधून आला. आमचा छोटा टीव्ही काळा-पांढरा, बॅटरीवर चालणारा. त्याने चिमटे लावले आणि कोरिया चालू झालं.

मग तो दर रविवारी यायला लागला. बॅटरी लावून जायचा नाही, आता उतरवायची कोणी म्हणून बसायचा. मी खुर्चीत, तो दाराला टेकून, मुलगी आतल्या उंबऱ्यावर भांडं घासत. तो तिच्याकडे बघायचा नाही, ती त्याच्याकडे बघायची नाही. दोघं टीव्हीकडे बघायची. एक दिवस माझ्या लक्षात आलं की आमच्या पंपाचा वायसर बदललाय, आणि मी तर कोणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात गोठ्याची मोडकी कडी बसली. मी टीव्हीकडे बघितलं, दाराला टेकलेल्या माणसाकडे बघितलं, आणि डोक्यावर हात मारला.

त्यानंतर मी जास्तच मोठ्याने ओरडायला लागलो. "काय उपेग हेचो? लाकडा ठेवन जाता, पायरी बसवन जाता! तोंडात काय म्हाकुला भरल्यानीत?"

तो मान खाली घालून म्हणायचा, "काकानू, तेका भय वाटत आसतला."

"कसला भय?"

"ती नाय म्हणात तर."

आतून भांड्याचा आवाज थांबायचा.

पण ती बाई धक्का सोडेना. कोरियाच्या लिहिणाऱ्याने तिला धक्क्याला बांधूनच ठेवली होती. मला वाटायचं, ही सुतारासाठी दार उघडेल तर माझ्या घरात पण काहीतरी हलेल. मला कोणी वेडा म्हणावं. मी तेव्हा तसंच मानत होतो आणि आज पण मागे घेत नाही.

जत्रेचा दिवस आला. आमच्याकडे गावकर देवापुढे उभा राहून ज्याचं त्याचं गाऱ्हाणं घालतो आणि जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. मी रांगेत उभा राहून नारळ ठेवला.

गावकराने विचारलं, "कोणाच्या नावान?"

"टीव्हीतल्या बायच्या."

"खयची ती?"

"कोरियाची."

मागे हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "चिनो म्हातारो देवाक चीनाक धाडता!" गावकर मात्र माणूस मुरलेला. हसू दाबून म्हणाला, "गोत्र?"

"गोत्र म्हायत नाय. दर्यावरची आसा, म्हणजे आमचीच. नारळ ठेवलंय, गाऱ्हाणा घाल. नायतर सांग, देव कोकणाभायर ऐकणा नाय म्हणान."

तसं कसं म्हणणार तो. त्याने नारळ उचलला आणि गंमत म्हणून आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा! ही जी कोण कोरियाची बाय आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तिचो घोव दर्यार गेलो, तो काय परत येवक नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या मनातलो गुंतो सोडव, तिका नवो संसार दी, आनी तेच्यात कोणी आडकाठी करीत तर तेका तू बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला. माझ्या मुलीचा थोरला दीर तिथेच होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता. मी तो आवाज नीट ऐकून ठेवला.

बायकांच्या बाजूला मुलगी उभी होती. ती हसत नव्हती. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाली, "माजा नाव घेवक नाय तुमी." मी म्हटलं, "नाय घेतलंय. तू शपथ घातलंस मां?"

आणि पुढच्याच रविवारी त्या कोरियावाल्यांनी घात केला. बाई सुतारासोबत जायला तयार झाली, गाठोडं बांधलं, दार उघडलं, आणि दारात नवरा! म्हणे कुठल्या बेटावर होता, म्हणे डोक्याला मार लागून सगळं विसरला होता. सुतार मागच्या मागे निघून गेला. माझ्या तोंडातून जे शब्द गेले ते इथे लिहीत नाही.

मुलगी उठून खळ्यात गेली. इंजिनवाल्याने गुपचूप चिमटे काढले, बॅटरी बांधली आणि गेला. त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मुलगी परत दिवस बुडताना कडेला उभी राहायला लागली. आधी नुसती उभी असायची, आता घोवाची वाट बघायला लागली. त्यातला फरक बापाला कळतो.

मी एका संध्याकाळी गुडघे ओढत तिच्याजवळ गेलो.

"तो इलो बघा," ती म्हणाली. कोरियाच्या बाईचा नवरा.

"तो कागदावर बुडालो होतो, बाय. कागदावर बुडालेलो येता. लिवणाऱ्याक दोन भाग वाढवूक व्हये आसतत म्हणान तो तेका बेटार ठेवता. हय खंयचा बेट आसा? सगळो किनारो माज्या पायाखालचो."

"तुमी नक्की सांगतास?"

"नक्की सांगतंय. विजयदुर्गाक त्या होडयेक सुलटी करून मी हात घालून बघितलंय. बापूस आसय तुजो, गोड सांगूक येणा नाय माका. तो येवचो नाय, चेडवा."

अंधार पडेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो, कारण एकदा खाली बसलो की मला उठता येत नाही. शेवटी तिनेच हात देऊन उठवलं.

मी तोपर्यंत शपथ घेतली होती की मालिका परत बघणार नाही. शेवटचा भाग आला त्या रविवारी दुपारी मुलगी म्हणाली, "आज संपतला तां. बघूक व्हया."

"वीज खंय आसा? आनी तो बॅटरीवालो तर रुसान बसलोहा."

तिने पदर खोचला, चपला घातल्या आणि बाहेर पडली. तारकर्ली काही जवळ नाही. पुढचं मला त्याच्या शेजाऱ्याने सांगितलं. आमच्याकडे कोणी दार ठोकत नाही, खळ्यात उभं राहून हाक मारतात. ही त्याच्या खळ्यात जाऊन उभी राहिली आणि चार घरांना ऐकू जाईल अशी ओरडली, "आसात काय घरात? बॅटरी घेवन चला. माका शेवट बघूचो आसा." तो हातातला पाना टाकून बाहेर आला.

संध्याकाळी दोघं आली. तो सायकल ढकलत, ती बॅटरीला हात लावून बाजूने चालत, सगळ्या रस्त्याने लोकांच्या देखत. चिमटे लागले. बाई धक्क्यावर उभी. एका बाजूने नवरा येतोय, दुसऱ्या बाजूला सुतार होडीत चढतोय. बाई मान वळवते, आणि चित्र बारीक बारीक होत एक ठिपका झालं. बॅटरी बसली.

मी किंचाळलोच. तो चिमटे हलवतोय, टीव्हीला थापटतोय. मुलगी उंबऱ्यावरून उठली. म्हणाली, "ऱ्हवांदे. तिचा ती बघात." मग त्याच्यासमोर कोरा चहा ठेवला आणि त्याच्याकडे नीट बघून विचारलं, "साखर बरी आसा?" त्याने अजून पेला उचललाही नव्हता. "बरी आसा," म्हणाला.

लग्न ठरल्यावर दीर तणतणत आला, बरोबर चारजण आणि गावकर. "आमच्या घराण्याची अब्रू" वगैरे सुरू झालं. मी खुर्चीतून उठलो नाही.

"जत्रेक कोरियाच्या बायसाठी व्हय म्हाराजा कोण म्हणालो? घोव दर्यार गेलेल्या बायक नवो संसार दी म्हणान कोण आरडलो? आनी आडकाठी करीत तेका बघून घे, हां पण तूच म्हटलंस. देवासमोर."

"ती मस्करी होती!"

"देवासमोर मस्करी केलंस? मग तसा देवाकच जावन सांग. हो गावकर हयच उभो आसा, इचार तेका."

गावकराने इकडे तिकडे बघितलं. मग म्हणाला, "गाऱ्हाणा घातला ता घातला. माका आता ता परत घेवक येणा नाय." दीर गेला. लग्नाला आला नाही, पण आडही आला नाही.

त्या कोरियाच्या बाईचं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. किती जणांना विचारलं, कोणी शेवट बघितलेला नाही. हा राग माझ्या मनातून जात नाही. जावई घरी आला की मी आधी तोच विषय काढतो. "इतक्या वर्षांचो कारागीर तू, आनी बॅटरी भरलेली आसा काय नाय तां बघूक नाय?"

"काकानू, ती खळ्यात येवन उभी रवली," तो दरवेळी तेच सांगतो. "हाताक गावली ती बॅटरी उचललंय."

आतून मुलगी हसते.