हे आपलं संत्रं नव्हे

बाबा पैसे खात नसत. पण त्यांना नुसतं "नको" म्हणता येत नसे, हे मी आधीच सांगून टाकते. ठेकेदाराला नकार द्यायचा तर ते फळाची जात पुढे करत.

जयपुरात हिवाळ्यात साहेबांच्या घरी फळांची टोपली पाठवायची रीत होती. तिला डाली म्हणत. लाच म्हणत नसत, म्हणून ती भल्याभल्यांना पचे. बाबा सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर. आम्ही जयपुरात आलो त्या पहिल्या वर्षी एका ठेकेदाराचा मुनीम गंगानगरचे माल्टे, घट्ट सालीची संत्री, घेऊन आला. बाबांनी एकाची साल ओढून बघितली आणि हसत म्हणाले, याला सुरी लागते, आम्ही नागपूरजवळच्या काटोलकडची माणसं, आम्हाला हे जमत नाही. टोपली परत गेली. पुढच्या वर्षी झालावाडची संत्री आली. कलमं नागपूरचीच आहेत, मुनीम म्हणाला. बाबांनी त्याला ओट्यावर बसवून समजावलं की कलम तेच असलं तरी माती ती नाही. आमच्याकडचं मृग बहाराचं संत्रं अंगठा लावला की सुटतं, आणि त्याचा वास वेगळा. मुनीम मान डोलवत होता. मी दारातून बघत होते. हा माणूस नकार ऐकत नव्हता, ऑर्डर घेत होता.

तिसऱ्या वर्षी मी कॉलेजात होते आणि डालीविरुद्धचं आम्हा विद्यार्थ्यांचं पत्रक मीच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाबांच्याच कचेरीच्या फाटकावर वाटायचं होतं. आणि आदल्या संध्याकाळी मुनीम ओट्यावर हजर. टोपलीवर लाल कापड, आणि कापड उचलायच्या आधीच वास. काटोलची.

त्याच आठवड्यात बाबांनी सांगानेरजवळच्या एका शाळेच्या छतावर शेरा मारला होता, सिमेंट कमी आहे, तोडून पुन्हा घाला. ठेकेदार या मुनिमाचाच. उद्या शेवटची पाहणी होती. शेरा राहणार की पुसला जाणार, आणि त्या छताखाली कोणाची पोरं बसणार, एवढाच प्रश्न होता.

मी मुनिमाला जायला सांगितलं. साहेब येऊ देत, बाईसा, म्हणत तो बसून राहिला. आई टोपलीपासून हलेना.

"आपल्याकडचेच संत्रे होय हे. काहून वापस करतं?"

मी तिला पत्रकातली वाक्यं ऐकवली. ती शांतपणे म्हणाली, "तुह्या कागदाले असा वास येते काय?"

बाबा आले. सायकल भिंतीला लावली, कापड उचललं, एक संत्रं घेतलं. अंगठा आपोआप आत गेला. साल सुटली.

"अब तो असली है, साहब?" मुनिमाने विचारलं.

"बाबा," मी म्हणाले, "आता कोणती खोट काढणार?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं गिळलं. बाबांची मान लाल झाली होती. त्यांनी टोपली ठेवून घेतली तरी उद्या फाटकावर उभं राहायचंच, हे मी ठरवून टाकलं होतं.

"असली है," बाबा म्हणाले. अर्धवट सोललेलं संत्रं त्यांनी टोपलीत परत ठेवलं. "ले जाइए। छत तो टूटेगी।"

आईने वाढलं. बाबा भाकरी मोडत होते आणि त्यांच्या बोटांचा वास माझ्यापर्यंत येत होता. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोन वर्षं का लावली, हाच राग होता. जेवण झाल्यावर मी प्रत्येक पत्रकाखाली शाईने एक ओळ वाढवली: फल कहाँ का है, यह मत बताइए, मना कीजिए।

सकाळी फाटकाशी बाबांनी इतरांसारखाच हात पुढे केला. उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं.

"हे माझ्यावर आहे?"

"तुमच्यापासून सुरू होतं."

त्यांनी पत्रकाची घडी करून खिशात घातली आणि आत न जाता सांगानेरच्या पाहणीला निघालेल्या जीपमध्ये चढले.